पेटी वाजवताना हात सुन्न का पडतो?

सामुदायिक प्रार्थनेला तासभर मांडी घालून बसलं की उठताना पाय जड होतो, मुंग्या येतात आणि दोन-चार मिनिटांत सगळं ठीक होतं. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाने हाडाला लागून जाणारी नस (इथे नस म्हणजे संवेदना वाहणारा मज्जातंतू, रक्तवाहिनी नव्हे) दबलेली असते. तिचं रक्त अडलं की ती निरोप पोचवणं थांबवते, पाय मोकळा केला की पुन्हा कामाला लागते. मुंग्या ही तिच्या जागं होण्याची खूण.

पेटी किंवा कॅसिओ शिकणाऱ्या मुलांच्या हाताला येणाऱ्या झिणझिण्यांची सुरुवात अशीच होते. पाय आपण लगेच सरळ करतो. हात मात्र ‘रियाज वाढला की आपोआप बसेल’ म्हणून तसाच दाबत ठेवतो. महिनोन् महिने दबलेल्या नसेचं आवरण झिजतं, आणि मग हात झटकून भागत नाही.

‘हात सुन्न पडतो’ एवढ्यावरून डॉक्टरला फारसं कळत नाही. कोणतं बोट, हे सांगावं लागतं, आणि ते घरीच पाहता येतं. आपल्याकडे घरात कापूस असतोच. त्याचा पुंजका घेऊन एक टोक तंतूसारखं ओढा, मुलाला डोळे मिटायला सांगा आणि करंगळीशेजारच्या बोटाच्या दोन्ही कडांना आळीपाळीने हलकेच टेकवा. दाबायचं नाही, नुसता स्पर्श. या एका बोटाची बहुधा दोन नसांमध्ये वाटणी झालेली असते: करंगळीकडची कड एकीकडे, मधल्या बोटाकडची दुसरीकडे.

मधल्या बोटाकडची कड बोथट लागली आणि अंगठा, तर्जनी, मधलं बोटही तसंच असेल, तर संशय मनगटावर. तिथे आठ लहान हाडं आणि वरून ताणलेला जाड पट्टा यांच्यामध्ये एक अरुंद बोगदा आहे. बोटं मिटवणाऱ्या नऊ दोऱ्या आणि ही एक नस एवढी गर्दी त्यातून जाते. मनगट सरळ असताना आतला दाब 10 मिलिमीटर पाऱ्याच्या आतच असतो. मनगट पूर्ण वाकवलं की तो 30 च्या आसपास जातो आणि तेवढ्या दाबाला नसेचा रक्तप्रवाह मंदावतो. हा त्रास रात्री झोपेतून उठवतो आणि हात झटकला की बरं वाटतं. तळहाताचा अंगठ्याकडचा उंचवटा मात्र सहसा सुन्न होत नाही, कारण त्याची फांदी बोगद्याच्या वरून जाते.

करंगळी आणि तिच्याकडची कड बोथट असेल तर कोपर पाहा. कोपर आपटलं की जिथे झणका बसतो तीच ही नस, आणि हात जितका घडी होतो तितकी ती ताणली जाते. झोपून मोबाइल धरणं, पेटीच्या झाकणावर कोपर टेकून गाणं ऐकणं, दोन्ही तिला नकोसं. मान वळवल्यावर कळ हातात उतरत असेल तर मूळ मानेत असतं.

हे सगळं पेटीवर का घडतं? मुख्य कारण म्हणजे नको तिथे लावलेली ताकद. पियानोत पट्टीमागे हातोडी असते. पट्टी जितक्या वेगाने खाली जाईल तितक्या वेगाने हातोडी तारेवर आदळते, म्हणून तिथे बोटाच्या आघातावर आवाज ठरतो. पियानोची पट्टी सुमारे 50 ग्रॅम वजनाने खाली जाते आणि जेमतेम 10 मिलिमीटर उतरते. पेटीत हातोडी नाही. पट्टी फक्त एक झडप उघडते. सूर वाजतो तो भात्याच्या हवेने. झडप उघडली की पट्टीचं काम संपलं. त्यापुढे कितीही दाबा, आवाज वाढत नाही, आणि ते बळ पट्टीखालच्या कापडात आणि तुमच्या मनगटाच्या दोऱ्यांमध्ये जिरतं. ज्या स्वस्त कॅसिओंना स्पर्शाचा जोर कळत नाही, त्यांचंही हेच. तरीही मंडळात माइक कमी पडला, टाळ-मृदंगापुढे पेटी ऐकू येईना, की मुलं पट्ट्या ठेचतात. शिकवणाऱ्यांनी पहिल्या दिवसापासून हा फरक सांगायलाच हवा.

पट्टी कडक आहे का, हे मोजायला 10 रुपयांची नाणी पुरतात. दोन धातूंचं एक नाणं 7.71 ग्रॅमचं, म्हणजे सात नाणी सुमारे 54 ग्रॅम. पट्टीच्या आपल्याकडच्या कडेवर एकावर एक ठेवत जा आणि कितव्या नाण्याला ती खाली जाते ते लिहून घ्या. सगळ्या पांढऱ्या पट्ट्या पाहिल्यावर एखाद-दुसरी बाकीच्यांपेक्षा तीन-चार नाणी जास्त मागते. ती ओलीने फुगलेली, धुळीने अडलेली किंवा तिची स्प्रिंग जास्त ताणलेली. पेटी दुरुस्त करणाऱ्याला तेवढीच दाखवा. कपलर (एका पट्टीबरोबर दुसऱ्या सप्तकातली तीच पट्टीही ओढणारी सोय) लावून हीच मोजणी पुन्हा करा, म्हणजे नवख्या मुलाने तो बंद का ठेवावा हे कळेल: एका बोटाला दोन पट्ट्या ओढाव्या लागतात.

डाव्या हाताकडे तर कुणाचं लक्षच जात नाही. भाता मारणारा हात मिनिटाला कित्येकदा तीच हालचाल करतो, तीही मनगट वाकवून आणि बोटं कडेवर आवळून. भाता गळका असेल तर हे काम वाढतं. भाता भरा, एकही पट्टी दाबू नका आणि पाहा. काहीच न वाजवता तो झटक्यात सैल पडला तर हवा कुठून तरी जाते आहे; कातडं किंवा सांधा चिकटवून घ्या. मारताना तळवा भात्याला टेकवून ढकला, मनगट सरळ, हालचाल कोपरातून. खंजिरी धरणाऱ्या हातालाही हेच लागू आहे. अंगठा फटीत अडकवून ती आवळून धरली की अंगठ्याच्या मुळाशी दुखायला लागतं.

बसण्याची उंची ठरवायला टेप नको. खांदे सैल सोडा, कोपर अंगाशी ठेवून काटकोनात वळवा; बोटं पट्ट्यांच्या पातळीवर यायला हवीत. मोठ्या माणसाचं जमिनीवर साधारण जमून जातं. नऊ-दहा वर्षांच्या मुलाचं कोपर पट्ट्यांच्या खाली राहतं, मग ते खांदा उचलतं किंवा मनगट मागे मोडतं. त्याच्याखाली सतरंजीची 5 ते 8 सेंटिमीटर जाड घडी ठेवा. कॅसिओ टेबलावर ठेवून प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवणं तर सर्रास चालतं. पियानोच्या पट्ट्या जमिनीपासून साधारण 73 सेंटिमीटरवर असतात आणि बैठक त्या हिशेबाने उंच. 75 सेंटिमीटरच्या टेबलावर कॅसिओ ठेवला की त्याच्या पट्ट्या त्याहून वर जातात. त्यापेक्षा कॅसिओ कमी उंचीच्या पाटावर घेऊन खाली बसलेलं बरं.

एरवी रोज अर्धा तास वाजवणारा मुलगा सप्ताह लागला की काकड्याला, हरिपाठाला आणि रात्रीच्या भजनाला मिळून चार-पाच तास बसतो. नस आणि दोऱ्या इतक्या झपाट्याने सरावत नाहीत. सप्ताहाची तारीख महिनाभर आधी ठरलेली असते, तेव्हा तीन आठवडे आधीपासून वेळ थोडा थोडा वाढवत न्या आणि दर 25 मिनिटांनी पाच मिनिटं हात मांडीवर मोकळा सोडा. दोन वादक आलटून पालटून बसले तर त्याहून चांगलं. हिशेब फक्त पेटीचा धरू नका. दिवसभर कापूस वेचलेला, सोयाबीनच्या कापणीत विळा धरलेला किंवा निंदणाला गेलेला हात संध्याकाळी ताजा नसतो. शाळेचं स्नेहसंमेलन नेमकं वेच्याच्या दिवसांत येतं; त्या दिवशी नवा पाठ घेऊ नये, जुनंच हलक्या हाताने वाजवावं. पहाटे बोटं गार असतील तर आधी कोमट पाण्यात दोन मिनिटं बुडवा.

एक दुखणं वेगळं आहे, कारण ते दुखत नाही. वाजवताना एक-दोन बोटं आपोआप आत वळतात, इतर कामांत हात ठणठणीत. जर्मन संगीतकार रॉबर्ट शुमानच्या उजव्या हाताचं मधलं बोट विशीतच निकामी झालं आणि वादक व्हायचं सोडून तो रचनांकडे वळला. अमेरिकन पियानोवादक लिऑन फ्लायशरच्या उजव्या हाताची शेवटची दोन बोटं 1960 च्या दशकात अशीच मिटू लागली. दोन्ही हातांनी वाजवायला पुढची सुमारे तीस वर्षं गेली. यात बिघाड मेंदूतल्या हालचालीच्या नकाशात असतो, आणि जास्त रियाजाने तो वाढू शकतो.

प्रत्येक बधिरपणाचं खापर पेटीवर फोडू नका. दोन्ही हातांबरोबर तळपायही झिणझिणत असतील तर साखर आणि बी-12 तपासा. माळकरी घरांत दूध-दहीही कमी असेल तर बी-12 उतरतं. थायरॉइड आणि गरोदरपण मनगटाचा बोगदा अरुंद करतात. आणि चंद्रपूर, गडचिरोलीकडे आजही आढळतो त्या कुष्ठरोगाचा विचार व्हायलाच हवा. कातडीवर फिकट किंवा तांबूस चट्टा, त्यावर कापूस टेकवला तरी कळत नाही, कोपराच्या आतली नस दोरीसारखी जाड लागते, ही त्याची लक्षणं. कुष्ठरुग्णांसाठीची आनंदवन आणि दत्तपूर ही केंद्रं ज्या भागात उभी राहिली, तिथे तरी लाजेपायी कुणी हे लपवू नये. औषध प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळतं, सहा ते बारा महिने घ्यावं लागतं, आणि वेळेत घेतलं तर हात वाचतो.

सुन्न बोटांना तव्याचा किंवा विटेचा शेक देऊ नका. संवेदना नसल्याने भाजलेलं कळत नाही, फोड आल्यावर दिसतं. दबलेल्या जागी जोराची मालिश आणि ‘नस बसवणं’ही नको. मनगटाचा त्रास असेल तर रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा चार ते सहा आठवडे बांधतात; त्याने पुष्कळांना आराम पडतो. बधिरपणा दिवसभर टिकत असेल, सदऱ्याचं बटण लागत नसेल, हातातून ग्लास सुटत असेल किंवा अंगठ्याखालचा मांसल भाग बसत चालला असेल तर थांबू नका. मेडिकल कॉलेजला नसेतला निरोप किती वेगाने जातो याची तपासणी होते. तुटलेली नस दिवसाला सुमारे एक मिलिमीटर वाढते, यावरून उशिराची किंमत कळावी.

बरं वाटल्यावर पहिल्या आठवड्यात पाच मिनिटं वाजवणं, पाच मिनिटं विश्रांती, असं दिवसातून दोनदाच. तीन दिवस झिणझिण्या आल्या नाहीत तर प्रत्येक वेळी दोन मिनिटं वाढवा, संथ लयीत, कपलर बंद ठेवून. त्या परत आल्या तर मागच्या पायरीवर या, आणि भाता काही दिवस शेजारी बसलेल्या दुसऱ्या मुलाला मारू द्या.