काळ्या दगडाचा लाल रंग

दोन वर्षांपूर्वी आमच्या बाल्कनीच्या भिंतीवर मी हौसेने वारली चित्र काढलं होतं. तारपा वाजवणाऱ्याभोवती फेर धरलेली माणसं, मागे डोंगर, वर सूर्य, आणि सगळ्याच्या खाली लाल-तपकिरी बेस, तो दुकानातून आणलेल्या बाटलीतला. पश्चिमेचं ऊन थेट त्या भिंतीवर येतं आणि आता तो लाल पार उडून फिका गुलाबी झालाय. त्याच्याच शेजारी तुळशीवृंदावन आहे, आई दर दिवाळीला त्याला गेरू लावते, पाऊस आला की तो ओघळतो, हाताला लागतो, साडीला लागतो, पण जेवढा उरतो तेवढा लालच्या लाल. म्हणजे गेरू धुतला जातो पण उडत नाही, आणि या एका गोष्टीत सगळी गंमत आहे.

रंग उडतो म्हणजे काय होतं? बाटलीतले बरेचसे लाल रंग सेंद्रिय असतात, कार्बनच्या लांबलचक साखळ्या आणि कड्या, आणि उन्हातले अतिनील किरण त्या हळूहळू तोडतात. साखळी तुटली की रंग गेला. गेरूत असं तुटण्यासारखं काहीच नाही. गेरू म्हणजे माती आणि हेमाटाइट, हेमाटाइट म्हणजे लोखंड अधिक ऑक्सिजन, सरळ सांगायचं तर गंजाचाच भाऊ. लोखंडाला हवेशी जो काय व्यवहार करायचा होता तो करून झालाय, आता ऊन त्याचं आणखी काय बिघडवणार! त्यातले लोखंडाचे अणू निळा-हिरवा प्रकाश पिऊन टाकतात आणि लाल तेवढा परत पाठवतात, हजारो वर्षं तेच काम. दक्षिण आफ्रिकेत ब्लॉम्बोस नावाची गुहा आहे, तिथे दगडाच्या एका तुकड्यावर गेरूच्या खड्याने ओढलेल्या आडव्या-उभ्या रेघा सापडल्या, वय सुमारे ७३,००० वर्षं, आणि त्या अजून लाल दिसतात.

आता आपल्या नाशिकचा दगड घ्या. पांडवलेणीच्या पायऱ्या चढताना दोन्ही बाजूंना दिसतो तो बेसाल्ट, ६.६ कोटी वर्षांच्या आसपास थरावर थर वाहिलेला लाव्हा. काळाकुट्ट. पण त्याच्या वजनाचा साधारण दहावा हिस्सा लोखंडाची ऑक्साइड्स आहेत, म्हणजे लाल रंगाचा कच्चा माल आतमध्ये भरलेलाच आहे, फक्त बरंचसं लोखंड पुरतं गंजलेलं नाही म्हणून दगड काळा. एखादा फुटलेला गोटा हातात घेऊन नीट बघा, मी गेल्या पावसाळ्यात तेच केलं. मधे काळा गाभा, त्याच्याभोवती करडी कड, मग पिवळट-तपकिरी साल, आणि सगळ्यात बाहेर हाताला लागणारी तांबूस भुकटी. कांद्याचे पापुद्रे सुटावेत तसे दगडाचे पापुद्रे सुटतात, भूगर्भशास्त्रवाले पण त्याला कांद्याचंच नाव देतात, आपल्या जिल्ह्याला हे नाव अगदी शोभतं. काळ्यापासून लालपर्यंतचा सगळा प्रवास एका मुठीत. सह्याद्रीच्या कड्यांमध्ये दोन काळ्या थरांच्या मधे कधीकधी विटेसारखी लाल पट्टी दिसते ना, ती पण हीच गोष्ट, एक लाव्हा थंड झाला, त्याच्या वरच्या अंगाची माती व्हायला लागली, आणि मग त्यावर दुसरा लाव्हा येऊन पसरला.

आणि लोखंड फक्त लाल-पिवळाच देतं असं नाही. लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकतात, त्या पोकळ्यांमध्ये नंतर पाणी झिरपून खनिजं धरतात. झिओलाइटचे पांढरे स्फटिक तर आपल्याकडे प्रसिद्धच आहेत, सिन्नरचं गारगोटी म्युझियम पाहिलं नसेल तर नक्की जा. पण त्याच पोकळ्यांना आतून कधीकधी निळसर-हिरवा लेप असतो, सेलॅडोनाइट नावाच्या खनिजाचा, त्यात अर्धवट गंजलेलं आणि पुरतं गंजलेलं असं दोन्ही लोखंड शेजारी शेजारी असतं म्हणून तो हिरवा. अजिंठ्याच्या चित्रातला हिरवा या असल्याच मातीचा. लाल गेरूचा, पिवळा पिवडीचा, काळा काजळीचा, फक्त निळा तेवढा लांबून आला, अफगाणिस्तानातला लाजवर्द नावाचा निळा दगड. मला अजिंठ्याबद्दल सगळ्यात जास्त हेच भावतं, ज्या दगडात लेणं कोरलं त्याच जातीच्या दगडाच्या मातीने आतली झाडं, हत्ती, बोधिसत्त्व रंगवले.

वारलीचंही तसंच आहे. ते चित्र मुळात शोभेचं नव्हतंच, लग्नघरात शेणामातीने सारवलेल्या भिंतीवर गेरू फासायचा आणि सवाशिणींनी तांदळाच्या पिठाने देवचौक लिहायचा, मधे पालघट देवी. हो, लिहायचा, चौक लिहितात. भिंत मातीची, रंग मातीचा, पीठ शेतातलं, आणि देवी पिकापाण्याची. आपण त्याचा प्रिंट कुशन कव्हरवर आणला, ठीक आहे, पण त्यात माती राहिली नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

देवाच्या अंगावरचा लाल मात्र बऱ्याचदा वेगळा असतो. पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचं ऑक्साइड, दिसायला गेरूपेक्षा कितीतरी झळझळीत, पण काळाबरोबर काळपट पडू शकतो आणि विषारीही. वणीच्या सप्तशृंगी देवीवर वर्षानुवर्षं शेंदराचा लेप चढत होता, २०२२ साली मंदिर काही आठवडे दर्शनाला बंद ठेवून तो जाड थर काढला आणि खालची अठरा हातांची मूळ मूर्ती दिसली, डोंगराच्याच दगडात कोरलेली. तो फोटो पाहिला तेव्हा आईचे डोळे भरून आले होते.

एक प्रयोग घरी करता येतो. पूजेच्या किंवा रंगाच्या दुकानात पिवडी मिळते, पिवळी माती. तिच्यातही लोखंड आहे, पण त्याच्या जोडीला स्फटिकात बांधलेलं पाणी आहे म्हणून ती पिवळी. चमचाभर पिवडी जुन्या लोखंडी तव्यावर मोठ्या आचेवर ठेवा, नॉनस्टिक अजिबात नको, खिडकी उघडी ठेवा. अडीचशे-तीनशे अंशाच्या आसपास ते पाणी निघून जातं. आम्ही केलं तेव्हा आधी काहीच होईना, मग कडेने नारिंगी झाली, मग मधे, आणि पंधरा-वीस मिनिटांत तव्यावर चक्क गेरू. थंड झाल्यावर डिंकाच्या पाण्यात कालवला आणि बाल्कनीच्या भिंतीवर तो फिका गुलाबी झाकून टाकला. तारपावाला अजून काढायचा बाकी आहे, आईने तांदूळ भिजत घातलेत.