अणुदायित्व: अणुभट्टीतून झालेलं नुकसान कोणी भरायचं?

अणुभट्टीत किंवा अणुइंधनाची ने-आण करताना अपघात होऊन बाहेरच्या लोकांचं जे नुकसान होतं त्याची भरपाई कोणी द्यायची, किती द्यायची आणि किती वर्षांपर्यंत मागता येते, हे ठरवणाऱ्या कायद्याला अणुदायित्व म्हणतात. जीव जाणं, आजारपण, घर सोडावं लागणं, शेतातला माल कोणी विकत न घेणं, हे सगळं यात येतं. भट्टीचं स्वतःचं नुकसान मात्र यात धरत नाहीत, त्याचा विमा वेगळा असतो.

एरवी नुकसानभरपाई हवी तर समोरच्याची चूक कोर्टात सिद्ध करावी लागते. इथे ते जमणारच नाही, कारण आत कुठला व्हॉल्व्ह अडकला, डिझाइन कोणाचं, पार्ट कोणी बनवला हे तीस किलोमीटरवरच्या शेतकऱ्याला कळणार कसं, आणि सगळी कागदपत्रं तर कंपनीच्याच कपाटात. म्हणून बहुतेक देशांत नियम असा की चूक असो वा नसो, भट्टी चालवणारी कंपनी म्हणजे ऑपरेटर जबाबदार, आणि तो एकटाच जबाबदार. या दुसऱ्या भागाला चॅनलिंग म्हणतात. पीडिताला एकच दार ठोठवायचं, ही त्याची चांगली बाजू. पण हा नियम फक्त पीडितांसाठी आला असं समजू नका, भट्ट्या बनवणाऱ्या आणि पार्ट पुरवणाऱ्या कंपन्यांनाही तो हवा होता, कारण त्यामुळे त्या दाव्यांच्या बाहेर राहतात.

या सोयीच्या बदल्यात उद्योगाला मिळाली रकमेवर मर्यादा, आणि माझ्या मते सगळ्या विषयाचा गाभा इथेच आहे. अमेरिकेत १९५७ साली प्राइस-अँडरसन कायदा झाला तेव्हा विमा कंपन्या मिळून जास्तीत जास्त ६ कोटी डॉलरचं कव्हर द्यायला तयार होत्या, त्यावर सरकारने ५० कोटी घातले आणि एकूण ५६ कोटींच्या वर कोणाचीच जबाबदारी नाही असं ठरलं. नंतर सरकारच्या पैशाऐवजी देशातल्या सगळ्या भट्ट्यांकडून वर्गणी घ्यायची पद्धत आली, म्हणजे एकीकडे मोठा अपघात झाला की बाकीच्यांनीही पैसे भरायचे. युरोपात १९६० चा पॅरिस करार आणि जगासाठी १९६३ चा व्हिएन्ना करार याच धर्तीवर झाले. व्हिएन्ना करारात ऑपरेटरची किमान जबाबदारी फक्त ५० लाख डॉलर होती (सोन्याच्या त्या वेळच्या भावाने). १९९७ च्या दुरुस्तीत ती ३० कोटी एसडीआर झाली, एसडीआर म्हणजे नाणेनिधीचं हिशोबाचं एकक. पॅरिस करारात ७० कोटी युरो असं २००४ मध्ये ठरलं खरं, पण ते लागू व्हायला २०२२ उजाडलं! नवीन उद्योग आहे, त्याला जगू द्या, हे १९५७ मध्ये पटण्यासारखं होतं, पण साठ वर्षांनंतरही तेच कारण पुढे करणं मला पटत नाही. मर्यादेच्या वरचं नुकसान नाहीसं होत नाही, ते सरकारच्या नाहीतर पीडिताच्याच अंगावर पडतं.

जर्मनी, स्वित्झर्लंड आणि जपानमध्ये कायद्यात मर्यादा नाही. पण अमर्याद जबाबदारी म्हणजे कंपनीकडे तेवढा पैसा आहे असं नव्हे. जपानमधल्या फुकुशिमाच्या अणुअपघाताच्या वेळी, २०११ मध्ये, जपानी कायद्याने ऑपरेटरला प्रत्येक अणुकेंद्रामागे तयार ठेवायला लावलेली रक्कम होती १२ हजार कोटी येन. प्रत्यक्ष भरपाई १० लाख कोटी येनच्या पुढे गेली, म्हणजे ऐंशी पटीहून जास्त. सरकारने खास संस्था काढून कंपनीला पैसा पुरवला म्हणून ती उभी राहिली. भूकंप आणि त्सुनामी आली म्हणून जबाबदारीतून सूट मिळते का हा प्रश्नही उठला होता, कारण अपवादात्मक मोठ्या नैसर्गिक आपत्तीत सूट आहे असं त्या कायद्यात लिहिलंय, पण ती सूट इथे लागू धरली गेली नाही.

पैसे कागदावर मंजूर होणं वेगळं आणि हातात पडणं वेगळं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये घरं सोडून आलेल्या लोकांना फुकुशिमाची भट्टी चालवणाऱ्या टेपको कंपनीने जो क्लेम फॉर्म पाठवला तो साधारण ६० पानांचा होता, आणि तो कसा भरायचा हे सांगणारं पुस्तक १५६ पानांचं. प्रवासखर्चाच्या पावत्या जोडा असंही त्यात होतं. विचार करा, माणूस अंगावरच्या कपड्यानिशी घर सोडून निघालाय, त्यात वयस्कर मंडळी, पावत्या कोण सांभाळणार? ओरड झाल्यावर ते सोपं केलं आणि कोर्टाबाहेर तडजोड करून देणारं केंद्रही चाललं, तिथे हजारो प्रकरणं मिटली.

सीमेपलीकडच्या नुकसानीचं तर आणखी अवघड. १९८६ ला चेर्नोबिल झालं तेव्हा सोव्हिएत युनियन कुठल्याच अणुदायित्व कराराचा सदस्य नव्हता, त्यामुळे दुसऱ्या देशांना त्याच्याकडून छदाम मिळाला नाही. पश्चिम जर्मनीत शेतकऱ्यांना त्यांच्याच सरकारने भरपाई दिली. ब्रिटनमध्ये वेल्सच्या डोंगरांवर पावसाबरोबर किरणोत्सर्गी सीझियम उतरलं, गवतातून मेंढ्यांच्या मांसात गेलं आणि विक्रीवर निर्बंध आले. मेंढी विकायच्या आधी तिच्यातला किरणोत्सर्ग मोजायचा, जास्त निघाला तर रंगाची खूण करून तिला ठेवून द्यायची, आणि या कटकटीचे सरकारकडून एका मेंढीमागे १ पाउंड ३० पेन्स. हे निर्बंध २०१२ पर्यंत चालले. चेर्नोबिलनंतर १९८८ मध्ये पॅरिस आणि व्हिएन्ना करारांना जोडणारा प्रोटोकॉल झाला आणि १९९७ मध्ये पूरक भरपाईचा करार, ज्यात सदस्य देश मिळून जादा निधी उभा करतात. तो २०१५ ला लागू झाला.

पुरवठादाराला पूर्ण मोकळं सोडावं का यावर सगळ्यात मोठा वाद भारतात झाला. भोपाळची आठवण ताजी असल्यामुळे २०१० च्या कायद्यात कलम १७ घातलं गेलं, की सदोष माल दिला असेल तर भरपाई भरून झाल्यावर ऑपरेटर ती पुरवठादाराकडून वसूल करू शकेल. परदेशी कंपन्यांनी यावर वर्षानुवर्षं हरकत घेतली आणि २०२५ च्या नव्या कायद्यात ही तरतूद काढून टाकली गेली. ज्याच्या चुकीने पार्ट फुटला त्याला काहीच भरावं लागू नये हे मला तरी न्यायाचं वाटत नाही.

शेवटचा अडथळा मुदतीचा. जुन्या करारांत दावा करायला १० वर्षं होती, पण किरणोत्सर्गामुळे होणारे काही कॅन्सर वीस-तीस वर्षांनी दिसतात, म्हणून मृत्यू आणि आजारपणासाठी आता ३० वर्षं केलीत. तरीही हाच कॅन्सर त्याच अपघातामुळे झाला हे पीडितालाच दाखवावं लागतं, चूक दाखवायची नसली तरी. अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुकेंद्राच्या १९७९ च्या अपघातानंतर सुमारे २,००० लोकांनी आजारपणाचे दावे लावले होते. पुरेशी किरणं अंगावर पडल्याचा पुरावा नाही म्हणून १९९६ मध्ये कोर्टाने ते फेटाळले.