बाओझीच्या सारणातले पाणी

हिवाळा सरू लागला की यांगत्से नदीच्या मुखाकडील प्रदेशात, म्हणजे शांघाय, जिआंग्सू आणि झेजियांग या भागांत, एका रानभाजीचे दिवस सुरू होतात. चिनी लोक तिला जीत्साई म्हणतात. शास्त्रीय नाव कॅप्सेला बर्सा-पास्टोरिस. मोहरीच्या कुळातल्या या वनस्पतीची दातेरी पाने जमिनीलगत चक्राकार पसरलेली असतात आणि ती फुलोरा येण्याआधीच खुडावी लागतात, कारण मधला दांडा वर येऊन त्याला पांढरी फुले आणि त्रिकोणी शेंगा धरल्या की पाने चिवट होतात. आता तिची लागवडही होते. ही भाजी चिरून डुकराच्या मांसाच्या खिम्यात मिसळायची आणि ते सारण आंबवलेल्या मैद्याच्या पारीत भरून वाफवायचे, एवढीच या बाओझीची, म्हणजे सारण भरून वाफवलेल्या चिनी पावाची, कृती. तिची सारी अवघड बाजू पाण्याची आहे: भाजीतले पाणी काढून टाकायचे, मांसात वरून पाणी घालून ते तिथेच टिकवायचे आणि कच्च्या पारीला मात्र यातला ओलावा लागू द्यायचा नाही.

ताज्या पालेभाजीच्या वजनात सुमारे नऊ-दशांश पाणी असते. पाने अर्धा-एक मिनिट उकळत्या पाण्यात बुडवली की पेशींमधल्या पोकळ्यांतली हवा निघून जाते आणि त्यांचा हिरवा रंग एकदम उजळतो. त्याच वेळी विकरे (एन्झाइम्स) निकामी होतात, थोडे ऑक्झॅलिक आम्ल पाण्यात उतरते आणि मोहरीच्या कुळाचा गंधकयुक्त उग्रपणाही सौम्य होतो. मात्र पाने जास्त वेळ उकळली, तर पेशींतली आम्ले हरितद्रव्याच्या रेणूतले मॅग्नेशियम काढून घेतात आणि भाजी शेवाळी, मळकट दिसू लागते. म्हणून ती लगेच थंड पाण्यात टाकून नंतर मुठीत घट्ट पिळतात. चिरलेल्या भाजीला आधी तेल चोळण्याची पद्धतही अर्थपूर्ण आहे. सारणातले मीठ भाजीतले उरलेले पाणी बाहेर खेचू पाहते, आणि तेलाच्या पातळ थरामुळे ते काम मंदावते.

मांसाचे गणित याच्या नेमके उलट असते. साधारणपणे 7 भाग मांसाला 3 भाग चरबी घेतात. खिम्यात आधी मीठ आणि सोया सॉस घालून घोटले, की स्नायूंतले मायोसिन हे प्रथिन मिठाच्या द्रावणात विरघळून चिकट होते. मग थंड पाणी किंवा रस्सा चमच्याचमच्याने घालायचा आणि आधीचे पाणी पूर्ण जिरल्याशिवाय पुढचे ओतायचे नाही. घोटताना हाताला जडपणा जाणवू लागला, खिमा भांड्याच्या कडेला धरून राहू लागला आणि उचलल्यावर त्याला बारीक तार सुटली, की काम झाले असे समजावे. सारण एकाच दिशेने ढवळावे, हा नियम तिथे कसोशीने पाळतात; मला मात्र दिशेपेक्षा सलग घोटणे आणि मांस थंड ठेवणे अधिक मोलाचे वाटते, कारण उबेने चरबी मऊ पडली की ती सारणात एकजीव न राहता वेगळी होते. पुढे वाफेच्या उष्णतेने हेच मायोसिन जाळीसारखे घट्ट होऊन पाणी आणि चरबी आत धरून ठेवते. घोटण्यात कुचराई झाली, तर मांसाचा गोळा आकसतो, रस तळाशी साचतो आणि खालची पारी चिकट, कच्चट राहते.

चवीचेही एक रसायन यात आहे. सोया सॉसमध्ये ग्लुटामेट आणि मांसात इनोसिनेट असते, आणि ही दोन्ही एकत्र आली की उमामी, म्हणजे रश्श्यासारखी मांसल, चव त्यांच्या नुसत्या बेरजेपेक्षा कितीतरी अधिक जाणवते. ग्लुटामेटची ही चव जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी 1908 मध्ये ओळखली होती.

पारीसाठी 9 ते 11 टक्के प्रथिने असलेला मैदा, त्याच्या वजनाच्या साधारण निम्मे पाणी आणि सुमारे एक टक्का कोरडे यीस्ट पुरते. उकडीच्या मोदकाच्या तांदळाच्या पिठात ग्लूटेन हे चिवट प्रथिन नसते, म्हणून तिथे आधी उकड काढून पिष्टाला चिकटपणा आणावा लागतो. गव्हात ग्लूटेनची लवचिक जाळी असल्याने पीठ कच्चेच मळता येते आणि यीस्टने सोडलेला कार्बन डायऑक्साइड त्या जाळीत अडकतो. जुन्या पद्धतीत यीस्टऐवजी आदल्या वेळच्या पिठाचा आंबलेला गोळा घालतात आणि त्यातल्या जिवाणूंनी तयार केलेले आम्ल मारण्यासाठी सोडियम कार्बोनेट मळतात. ते कमी पडले तर बाओझी आंबट लागते आणि जास्त झाले तर मैद्यातली फ्लॅव्होनॉइड रंगद्रव्ये अल्कलीमुळे पिवळी पडतात.

वाफेचे बळ तिच्या अप्रकट उष्म्यात आहे. एक ग्रॅम वाफ थंड पिठावर जमून पाणी झाली की सुमारे 540 कॅलरी उष्णता देते. तेवढेच पाणी 100 अंशांवरून शून्यापर्यंत थंड झाले तरी केवळ 100 कॅलरी मिळतात. तापमान 55-60 अंशांच्या आसपास गेले की यीस्ट मरते, त्याच सुमारास पिष्ट पाणी शोषून फुगू लागते आणि त्यानंतर ग्लूटेन पक्के होते. पृष्ठभाग 100 अंशांच्या वर जात नाही आणि कोरडाही पडत नाही, म्हणून पावासारखे तांबूस कवच न येता बाओझी पांढरीच राहते. सारणाच्या मध्यभागी किमान 71 अंश तापमान गाठले गेले पाहिजे, कारण डुकराच्या खिम्यात याहून कमी उष्णतेवर विसंबणे धोक्याचे आहे. बांबूची करंडी ही निव्वळ हौस नव्हे: धातूच्या झाकणावरून ठिबकणारे पाणी पारीवर डाग पाडते, तर बांबूचे विणकाम ते शोषून घेते.

आच बंद करून लगेच झाकण उघडले, तर आतली वाफ झपाट्याने थंड होऊन दाब घटतो आणि पीठ जास्त फुगून नाजूक झालेले असेल तर बाओझी सुरकुतून बसते. त्यामुळे तीन-चार मिनिटे थांबणे बरे. उरलेल्या बाओझी फ्रिजच्या साध्या कप्प्याऐवजी फ्रीझरमध्ये ठेवाव्यात, कारण पिष्टाचे रेणू पुन्हा ओळीने जुळून पारी वातड होण्याची क्रिया 4 अंशांच्या आसपास वेगाने होते. गोठवलेल्या बाओझी पुन्हा थेट वाफेवर ठेवल्या की ही जुळणी सुटते आणि पारी जवळपास पहिल्यासारखी मऊ होते.