सहा फोडींचं संत्रं

संत्रं सोललं की फोडी मोजायची खोड नागपूरकराला लहानपणीच लागते. आता नेमक्या तीन फोडींचं संत्रं कल्पून बघा. प्रोटॉन तसा असतो, न्यूट्रॉनही तसाच, प्रत्येकात तीन क्वार्क, म्हणजे पदार्थाचे मूलभूत कण. अशा तीन क्वार्कांच्या कणांना बॅरिऑन म्हणतात. जड हायड्रोजनच्या केंद्रकात, म्हणजे ड्युटेरॉनमध्ये, अशी दोन संत्री कळमन्याच्या बाजारातल्या जाळीच्या पिशवीत असावीत तशी सैलसर राहतात. त्यांना वेगळं करायला 2.2 दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट पुरतात. केंद्रकांच्या जगात ही चिल्लरच.

पण सहाही फोडी एकाच सालीत मावतील का?

फ्रीमन डायसन आणि न्गुयेन-हू शुओंग यांनी 1964 मध्येच अशा सहा क्वार्कांच्या, म्हणजे द्विबॅरिऑन, अवस्थांचं भाकीत केलं होतं. पुढे शोधाची लाटच आली. टकरींची ऊर्जा वाढवत जायची आणि आलेखात कुठे उंचवटा, म्हणजे नवा कण बनल्याची खूण, दिसतो ते बघायचं. उंचवटे पुष्कळ सापडले, जास्त मोजमाप झाल्यावर बहुतेक सपाट झाले. या विषयाचं नाव त्यामुळे बरंच बदनाम झालं, आणि ते अगदीच अन्यायाचं नव्हतं.

म्हणून जर्मनीतल्या युलिश इथल्या वासा प्रयोगाचा 2011 चा निकाल आला तेव्हा भुवया उंचावल्या. प्रोटॉन-न्यूट्रॉन टकरीतून ड्युटेरॉन आणि दोन उदासीन पायॉन (दोन क्वार्कांचे हलके कण) निघतात, त्या अभिक्रियेत 2380 दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्टला ठळक उंचवटा होता. डेल्टा नावाच्या दोन जड बॅरिऑनांच्या एकत्रित वस्तुमानापेक्षा (तेही याच एककात मोजतात) हे सुमारे 84 दशलक्षांनी कमी. उंचवट्याची रुंदी 70 दशलक्षांच्या आसपास; उंचवटा जितका रुंद तितकं कणाचं आयुष्य कमी, म्हणजे इथे साधारण 10⁻²³ सेकंद. एवढंसं आयुष्य, तरी एकट्या डेल्टापेक्षा जास्तच!

मला पटतो तो यापुढचा भाग. हा कण प्रोटॉन-न्यूट्रॉनपासून बनत असेल, तर मोडताना कधीतरी पुन्हा प्रोटॉन-न्यूट्रॉनच द्यायला हवेत. तेव्हा फिरकीची दिशा ठरवलेल्या ड्युटेरॉनांचा झोत हायड्रोजनवर सोडून साधं विकिरण, म्हणजे टकरीनंतर प्रोटॉन-न्यूट्रॉन कुठे उडतात ते, मोजलं. 2014 मध्ये त्यातही नेमक्या त्याच ऊर्जेला खूण दिसली. आलेखातला नुसता उंचवटा इतकं सांगू शकला नसता. तरीही हे खरंच एका सालीतलं संत्रं आहे, की दोन डेल्टा एकमेकांना बिलगून बसलेत, यावर वाद आहे. काही जणांना तर नवा कण न मानताही तो उंचवटा समजावता येतो असं वाटतं.

एच नावाच्या दुसऱ्या उमेदवाराची गोष्ट थोडक्यात आटपते. रॉबर्ट जॅफी यांनी 1977 मध्ये तो सुचवला: दोन अप, दोन डाउन, दोन स्ट्रेंज क्वार्क, आणि वजन दोन लॅम्डा कणांपेक्षा (लॅम्डा म्हणजे एक अप, एक डाउन, एक स्ट्रेंज असा बॅरिऑन) सुमारे 80 दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्टने कमी. 2001 मध्ये जपानी प्रयोगाच्या फोटोग्राफिक इमल्शनमध्ये हेलियमचं असं एक केंद्रक सापडलं, ज्यात दोन लॅम्डा शेजारी-शेजारी नांदत होते. एच खरंच तेवढा हलका असता, तर ते दोघे तत्काळ त्यात विरघळले असते. असलाच तर तो दोन लॅम्डांपेक्षा फार तर 7 दशलक्षांनी हलका असेल.