कोट घालून जेवायला: क्रूझवरच्या फॉर्मल नाईटची पार्श्वभूमी

पावसाळा सरला की मुरगाव बंदरात क्रूझ बोटी लागू लागतात. गोव्यातली मराठी कुटुंबंही आता मुंबईहून किंवा सिंगापूरहून अशा सफरीवर निघतात, आणि बॅग भरायला घेतली की घरात वाद ठरलेला: त्या फॉर्मल नाईटला, म्हणजे नटून जेवायला यायच्या रात्रीला, कोट न्यायलाच हवा का? एका संध्याकाळीपुरता लग्नातला ब्लेझर बॅगेची अर्धी जागा खातो. या रिवाजाचं वय दीडशे वर्षांच्या पुढे आहे. त्यातला बराच काळ गोंयकार त्या जेवणाला हजर होता. तो वाढत होता, वाजवत होता.

विलायतेतल्या वरच्या वर्गात रात्रीच्या जेवणासाठी कपडे बदलणं ही रोजचीच गोष्ट होती. बोट निघाली म्हणून ती सुटली नाही, उलट जास्तच घट्ट झाली. पी अँड ओ या ब्रिटिश बोट कंपनीला १८४० साली राजसनद मिळाली, १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला आणि साहेब लोकांची मुंबईची ये-जा वाढली. पण प्रवास आठवड्यांचाच राहिला. दिवसभर डेकवर येरझारा, तेच चेहरे, तोच समुद्र. अशा दिवसात रात्रीचं जेवण हाच काय तो सोहळा. शिवाय फर्स्ट क्लासचं सलून वेगळं, सेकंडचं वेगळं. कोण कुठला हे कपड्यांवरून लांबूनच कळत असे, आणि कळावं अशीच सगळ्यांची इच्छा होती.

गंमत अशी की आज जो डिनर जॅकेट कडक शिस्तीचा मानला जातो, तो जन्मला आरामासाठी. लंडनच्या सॅव्हिल रोवरच्या हेन्री पूल या शिंप्याच्या पेढीने १८६५ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्ससाठी, म्हणजे पुढच्या सातव्या एडवर्डसाठी, घरगुती जेवणाला घालायचा आखूड कोट शिवला. खरा पोशाख तेव्हा लांब शेपटीचा टेलकोट. तो हळूहळू मागे पडला आणि घरगुती कोट राजेशाही ठरला.

बोटीवरचा एक नियम मात्र निव्वळ सामानामुळे पडला. पहिल्या रात्री आणि शेवटच्या रात्री कोणी नटायचं नाही. पहिल्या रात्री ट्रंका उघडलेल्या नसत, शेवटच्या रात्री बांधून झालेल्या असत. ट्रंकांवर चिठ्ठ्या चिकटवलेल्या: प्रवासात लागणारी केबिनजवळ, न लागणारी थेट तळातल्या कोठारात. आता चाकांच्या बॅगा दुपारपर्यंत खोलीच्या दारात येतात, तरी फॉर्मल नाईट बहुधा दुसऱ्या संध्याकाळी, बोट दिवसभर समुद्रात असते तेव्हाच ठेवतात.

दुसरी तडजोड उन्हाने करायला लावली. वातानुकूलन नसलेल्या काळात तांबड्या समुद्रात केबिनी भट्टीसारख्या तापत. तिथे कोट उतरवायला परवानगी मिळाली: पांढरा शर्ट, काळी पँट, बो टाय आणि कमरेला रेशमी चुण्यांचा पट्टा. या पोशाखाला ‘रेड सी रिग’ म्हणतात. तो पट्टा हिंदुस्थानातल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी इथल्या कमरबंदावरून उचललेला. अंगात गच्च वेस्टकोट घालण्यापेक्षा तो बरा. साहेबाने आपल्याकडून घेतलेल्या मोजक्या शहाण्या गोष्टींपैकी ही एक.

आता वाढणाऱ्यांकडे येऊ. या कंपन्यांच्या बोटींवर माणसं प्रांताप्रांताने भरली जात. डेकवर गुजरात आणि रत्नागिरीकडचे खलाशी, इंजिनात पंजाब-सरहद्दीकडचे, आणि सलून व स्वयंपाकघरात गोव्याचे तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरी करणारे. गोव्याच्या ख्रिस्ती माणसाला गोमांस, डुक्कर, दारू कशाचंच वावडं नव्हतं, हे कंपनीच्या पथ्यावर पडलं. बोट मिळेपर्यंत हे लोक मुंबईत धोबीतलावच्या आसपास आपापल्या गावच्या ‘कुडी’त, म्हणजे गावकऱ्यांच्या सामायिक बिऱ्हाडात, राहत. भिंतीला लागून ओळीने पेट्या, रात्री एकत्र तेर्स, म्हणजे रोझरीची प्रार्थना. साहेबाच्या कोटाइतकीच तारवट्याच्या पांढऱ्या कोटाचीही इस्त्री कडक हवी, कारण डाग दिसला तर तो याच्यावर दिसणार. वादकही गोव्याचे असत. पॅरिशच्या, म्हणजे चर्चच्या, शाळेत सोल्फेज (स्वरलिपी वाचून गाणं) आणि व्हायोलिन शिकलेल्या पोराला बोटीवरच्या बँडमध्ये जागा मिळणं अवघड नव्हतं. आजही जगभरच्या क्रूझ बोटींवर गोव्याची पोरं कामाला आहेत, आणि फॉर्मल नाईट ही त्यांची सगळ्यात धावपळीची पाळी.

अटलांटिकवर या नटण्याला रंगमंच मिळाला. १९३५ च्या फ्रेंच ‘नॉर्मंडी’ बोटीचं जेवणघर सुमारे ९३ मीटर लांब होतं आणि आत यायचं ते पायऱ्या उतरत. उतरणाऱ्या बाईचा झगा आधी सगळ्यांनी बघावा, मग तिने बसावं, हा त्यातला हेतू.

१९५८ मध्ये अटलांटिकपार जेट विमानं सुरू झाली आणि बोटीने ‘जायचं’ कारणच उरलं नाही. मग कंपन्यांनी प्रवासाऐवजी सुट्टी विकायला घेतली आणि जुना रिवाजही त्या पॅकेजात घातला: कॅप्टनची पार्टी, मेन्यूवर लॉबस्टर, जिन्यापाशी पडदा लावून उभा फोटोग्राफर. त्या फोटोंचे पैसे वेगळे, हे सांगायला नको. २००० साली नॉर्वेजियन क्रूझ लाईनने ‘फ्रीस्टाईल’ म्हणत कपड्यांची सक्ती सैल केली, इतरांनीही हात सैल सोडला. क्युनार्ड ही ब्रिटिश कंपनी मात्र आपली ‘गाला इव्हनिंग’ची प्रथा अजून जपून आहे.

गोव्यात अशा ठरावीक पोशाखाच्या रात्री नवीन नाहीत. मांडो हा गोव्याचा जुना नाच नाचताना बायका पानो-बाजू हा खास पोशाख नेसत, आणि पणजीच्या क्लब नासियोनालमध्ये कार्निव्हलच्या अखेरच्या रात्री लाल-काळ्या कपड्यांतला नाच होतो. आम्हा हिंदू घरांत मात्र रीत नेमकी उलटी. सोवळ्याच्या पंगतीला बसायचं तर सदरा काढून, कद नेसून. जेवायला बसताना अंगावर कपडे चढवायचे ही कल्पना आमच्या आजोबांना कदाचित रुचली नसती.

तरी सोय आहे. बहुतेक कंपन्यांना बंदगळा, शेरवानी, साडी चालते. गोव्याचे फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी पुन्हा पुढे आणलेली चौकड्यांची कुणबी साडी तर झगमगत्या गाऊनांच्या गर्दीत उठूनच दिसेल. सात रात्रींच्या सफरीत अशी एक किंवा दोन संध्याकाळ असते. ज्याला नटायचंच नाही, त्याने बुफेत जावं, तिथे कोणी अडवत नाही. मात्र बुकिंग करतानाच कंपनीचा नियम वाचून घ्यावा. काही बोटींवर त्या रात्री मुख्य जेवणघरात हाफ पँटीवाल्याला दारातूनच परत पाठवतात, आणि लॉबस्टर बहुधा तिथेच असतो.