कानदुखी आणि अँटिबायोटिक: घाई की थोडी वाट?

१९३० च्या दशकापर्यंत मधल्या कानात झालेला पू जिवावर बेतायचा. तो कानामागच्या हाडात उतरला की हाड कोरून काढावे लागे; तिथून मेंदूकडे सरकला तर डॉक्टरांच्या हाती फारसे काही उरत नसे. आधी सल्फा औषधे आणि मग पेनिसिलिन आले, तशा या शस्त्रक्रिया झपाट्याने कमी झाल्या. भीती मात्र गेली नाही, आणि लहान मुलाचा कान दुखला की लगेच अँटिबायोटिक हा शिरस्ता पडला.

तो मोडला नेदरलँड्समध्ये. १९९० मध्ये तिथल्या फॅमिली डॉक्टरांना सूचना मिळाली की बहुतेक मुलांना आधी फक्त वेदनाशामक द्या आणि वाट बघा. अमेरिकेने २००४ मध्ये हेच थोड्या सावधपणे स्वीकारले: आजार सौम्य असेल तर ४८ ते ७२ तास थांबायला हरकत नाही. पण निदान पक्के नसलेल्या मुलांनाही त्यात सामावून घेतले, आणि खरा घोळ इथेच झाला. निदानच डळमळीत असेल तर औषध दिले काय नि न दिले काय, त्यावरून कळणार तरी काय? मूल जोरात रडले तरी कानाचा पडदा लाल होतो. निरोगी पडदा मोतिया-राखाडी असतो आणि हवेचा हलका झोत सोडला की हलतो. मागे पू साठला की तो बाहेर फुगतो आणि हलेनासा होतो. एवढे नीट बघायला मूल क्षणभर स्थिर हवे आणि कानातला मळ काढलेला हवा. गर्दीच्या ओपीडीत दोन्ही अवघड.

२०११ मध्ये दोन चाचण्यांत निदानाचे निकष कडक ठेवले, तेव्हा लहानग्यांना अँटिबायोटिकचा फायदा स्पष्ट दिसला. जुलाबही वाढले, हेही खरे. २०१३ च्या सुधारित अमेरिकी सूचनांनी ‘अनिश्चित निदान’ हा वर्गच काढून टाकला. पडद्यामागे द्रव नसेल तर हे निदान करूच नये, असे त्यात बजावले आहे. सहा महिने ते दोन वर्षांच्या मुलाचे दोन्ही कान बिघडले असतील तर औषध लगेच. एकच कान आणि त्रास सौम्य, तर पालकांशी बोलून थांबता येते. वेदनाशामक मात्र पहिल्या तासापासून, याबद्दल कधीच वाद नव्हता.

कान नुसता ओढला तरी कळ येत असेल तर बहुधा दुखणे बाहेरच्या नळीचे असते आणि तिथे गोळ्यांपेक्षा थेंब उपयोगी. मधल्या कानातला संसर्ग ओसरल्यावरही पडद्यामागे पाणी काही आठवडे राहू शकते. ताप नाही, दुखत नाही, तर त्यासाठी पुन्हा अँटिबायोटिक लागत नाही. तीन महिने उलटूनही ते राहिले तर मात्र ऐकू येण्याची तपासणी करून घ्यावी लागते.