रेम्ब्रँट व्हान राइन

(१५ जुलै १६०६ – ४ ऑक्टोबर १६६९). डच चित्रकार, रेखाटनकार आणि मुद्राचित्रकार (कोरलेल्या पट्टीवरून छापलेली चित्रे करणारा). पूर्ण नाव रेम्ब्रँट हार्मेन्सझोन व्हान राइन. सतराव्या शतकातील नेदर्लंड्सच्या भरभराटीच्या काळातला हा सर्वांत मोठा चित्रकार मानला जातो, पण आपल्या कलेविषयी त्याने जवळजवळ काहीच लिहून ठेवलेले नाही. त्याची सात पत्रे उपलब्ध आहेत. सातही एकाच माणसाला लिहिलेली, आणि त्यांतही चित्रांचे पैसे कधी मिळणार याचीच चौकशी अधिक. बाकीची माहिती चर्चच्या नोंदवह्या, खरेदीखते, न्यायालयीन जबान्या आणि जप्तीची यादी यांतून गोळा करावी लागते. ही पोकळी पुढच्या चरित्रकारांनी दंतकथांनी भरून काढली, आणि त्यांतल्या काही आजही चित्रांइतक्याच प्रसिद्ध आहेत.

रेम्ब्रँटचा जन्म लायडनचा. वडिलांची माल्ट दळण्याची पवनचक्की होती, आई बेकरची मुलगी. घरची स्थिती बरी असल्याने मुलाला लॅटिन शाळेत घातले गेले आणि १६२० मध्ये लायडन विद्यापीठात त्याचे नावही दाखल झाले. तिथे तो फार रमला नाही. याकोब व्हान स्वानेनबुर्ख या स्थानिक चित्रकाराकडे सुमारे तीन वर्षे आणि मग ॲम्स्टरडॅमला पीटर लास्टमानकडे सहा महिने त्याने धडे घेतले. बायबल व पुराणकथांतला नेमका पेचाचा क्षण निवडून तो हावभावांतून सांगण्याची रीत लास्टमानकडची. इटलीला जाऊन आल्याशिवाय चित्रकाराचे शिक्षण पुरे होत नाही, असा त्या काळचा समज होता. रेम्ब्रँट मात्र कधीच इटलीला गेला नाही. तिथली कला त्याने मुद्राचित्रांतून आणि ॲम्स्टरडॅमच्या लिलावांतून पाहिली.

सनावार लिहिलेले त्याचे सर्वांत जुने चित्र ‘संत स्टीफनला दगडांनी ठेचतात’ हे १६२५ चे, म्हणजे एकोणिसाव्या वर्षीचे. लायडनमध्ये तो यान लिव्हन्स या मित्राबरोबर काम करी. १६२८ मध्ये खेरिट डाऊ हा मुलगा त्याच्याकडे शिकायला आला. राजदरबारचे सचिव कॉन्स्टंटाइन हॉइगेन्स यांनी रेम्ब्रँट व लिव्हन्स या दोन तरुणांना हेरले. चांदीची तीस नाणी परत करणाऱ्या पश्चात्तापदग्ध जूडासचे रेम्ब्रँटने केलेले चित्र पाहून त्यांनी भरभरून लिहिले. वर उल्लेखलेली सातही पत्रे याच हॉइगेन्सना आहेत, कारण राजपुत्र फ्रेडरिक हेंड्रिकसाठी येशूच्या यातनांची चित्रमालिका त्यांच्यामार्फत ठरली होती.

१६३१ च्या सुमारास रेम्ब्रँट ॲम्स्टरडॅमला आला आणि हेंड्रिक आयलेनबुर्ख या चित्रविक्रेत्याच्या कार्यशाळेत काम करू लागला. ‘डॉ. निकोलास टुल्प यांचा शरीररचनेचा पाठ’ (१६३२, मॉरित्सहाउस, हेग) या चित्राने तो एकदम नावारूपाला आला. फाशी दिलेल्या चोराच्या प्रेताभोवती शल्यवैद्यांच्या संघाचे सभासद जमले आहेत. अशा समूहचित्रांत चेहरे रांगेने मांडायची पद्धत होती. इथे कुणी पुढे वाकला आहे, कुणाची नजर ग्रंथाकडे, तर कुणाची थेट आपल्याकडे. प्रत्यक्ष विच्छेदन पोटापासून सुरू होई, पण चित्रात आधी हात उघडलेला दाखवला आहे. टुल्प चिमट्याने हाताचे स्नायू उचलतो आणि आपल्या डाव्या हाताची बोटे वळवून त्यांचे काम दाखवतो. नियमापेक्षा चित्राची गरज मोठी, हे रेम्ब्रँटने सव्विसाव्या वर्षीच ठरवून टाकले होते.

१६३४ मध्ये त्याने आयलेनबुर्खच्या नात्यातल्या सास्कियाशी लग्न केले. ती चांगल्या सधन घरातली होती. १६३९ मध्ये ब्रेस्ट्राट या रस्त्यावर त्याने १३,००० गिल्डरला (गिल्डर हे डच नाणे) मोठे घर घेतले. रक्कम हप्त्याने द्यायची होती, आणि ती कधीच पूर्ण फिटली नाही. चार मुलांपैकी फक्त १६४१ मध्ये जन्मलेला तीतुस जगला. पुढच्याच वर्षी सास्किया गेली.

‘नाइट वॉच’ (रात्रीचा पहारा) या नावाने जगभर माहीत असलेले चित्र त्याच वर्षी, १६४२ मध्ये, पूर्ण झाले. यात कॅप्टन फ्रान्स बॅनिंग कॉक आणि लेफ्टनंट व्हिलम व्हान रॉयटनबुर्ख यांची नागरी बंदूकधारी तुकडी निघण्याच्या तयारीत आहे. प्रसंग दिवसाचाच आहे. पुढे वार्निश काळवंडल्याने लोकांनी ती रात्र समजली आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस हे नाव चिकटले. गर्दीत उजळून निघालेल्या मुलीच्या कमरेला कोंबडी लटकते आहे. पक्ष्याची नखे हे त्या बंदूकधारी संघाचे चिन्ह होते. चित्रातल्या लोकांना ते आवडले नाही, पैसे द्यायला त्यांनी कुरकुर केली आणि तिथूनच रेम्ब्रँटचा ऱ्हास सुरू झाला, ही कथा अजूनही सांगितली जाते. तिला कागदाचा आधार नाही. उलट तुकडीतल्या एकाने पुढे जबानीत सांगितले की सोळा जणांनी प्रत्येकी सरासरी शंभर गिल्डर दिले. ही जबानीही चित्राच्या वादातून आलेली नाही. तीतुसच्या वारसाहक्कासाठी बापाची १६४२ ची मालमत्ता किती होती, हे ठरवताना ती घेतली गेली.

चित्राचे खरे हाल झाले १७१५ मध्ये. नगरभवनात दोन दारांच्या मधल्या भिंतीवर ते मावेना, म्हणून चारही बाजू कापल्या. डावीकडचा पट्टा सर्वांत मोठा होता आणि त्यात काही माणसेही गेली. खेरिट लुंडेन्स या चित्रकाराने आधीच छोटी नक्कल केलेली असल्यामुळे मूळ मांडणी कळते. त्या नकलेवरून संगणकाच्या मदतीने गहाळ पट्टे तयार करून ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियम या संग्रहालयाने २०२१ मध्ये काही काळ चित्राला जोडून दाखवले. तेव्हा कॅप्टनची जोडी बरोबर मध्यावर नसून किंचित उजवीकडे असल्याचे आणि त्यामुळे तुकडी चालती वाटत असल्याचे सहज दिसले.

सास्कियानंतर तीतुसला सांभाळायला आलेल्या खेर्च्ये डिर्क्सशी रेम्ब्रँटचे संबंध जुळले. १६४९ मध्ये तिने लग्नाचे वचन मोडल्याचा दावा लावला आणि न्यायालयाने तिला वर्षाला २०० गिल्डर मंजूर केले. पुढच्या वर्षी तिची रवानगी खाउडाच्या सुधारगृहात झाली. त्यासाठी रेम्ब्रँटने स्वतः खटपट केली होती. ती सुटली १६५५ मध्ये. या प्रकरणात त्याची बाजू घ्यावी असे कागदांत काही सापडत नाही. तोवर हेंड्रिक्ये स्टॉफेल्स त्याच्याबरोबर राहू लागली होती. लग्नाशिवाय राहते म्हणून १६५४ मध्ये चर्चने तिला बोलावून समज दिली. त्याच वर्षी त्यांची मुलगी कॉर्नेलिया जन्मली. पुन्हा लग्न केले तर सास्कियाच्या इस्टेटीवरचा हक्क जाईल, अशी तिच्या मृत्युपत्रातली अट होती. लग्न टाळण्यामागे हे कारण असणार.

घराचे देणे थकले होते, इंग्लंडशी झालेल्या युद्धाने (१६५२–५४) बाजारात पैसा आटला होता, आणि श्रीमंत गिऱ्हाइकांना आता खोव्हर्ट फ्लिंक व फर्डिनांड बोल या त्याच्याच माजी शिष्यांचे गुळगुळीत, उजळ काम आवडू लागले होते. शिवाय लिलाव दिसला की रेम्ब्रँटचा हात आवरत नसे. १६५६ मध्ये त्याने दिवाळखोरी जाहीर केली. त्या वेळी केलेली ३६३ कलमांची यादी त्याच्या मनाचा सर्वांत विश्वासार्ह नकाशा ठरते. रोमन सम्राटांचे अर्धपुतळे, शस्त्रे, शिंपले, वाद्ये, मान्तेन्या आणि राफाएल यांच्या कलाकृतींवरची मुद्राचित्रे, स्वतःच्या रेखाटनांच्या वह्या असे सगळे त्यात आहे. १६५८ मध्ये घर ११,२१८ गिल्डरला विकले गेले. १६६० मध्ये हेंड्रिक्ये आणि तीतुस यांनी कंपनी काढली आणि रेम्ब्रँट तिचा नोकर झाला. सावकारांचा हात नव्या चित्रांपर्यंत पोहोचू नये, म्हणून केलेली ही कायदेशीर पळवाट होती.

रोझेनग्राख्टच्या भाड्याच्या घरातले शेवटचे दशक चित्रांच्या दृष्टीने सर्वांत समृद्ध. ‘कापडसंघाचे तपासनीस’ (१६६२), ‘ज्यू वधू’ (सुमारे १६६५–६९), सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाजमधला ‘उधळ्या पुत्राचे परतणे’ ही सगळी त्याच काळातली. रंगाचे जाड थर तो कुंचल्याबरोबर पॅलेट नाइफनेही चढवी आणि कुंचल्याच्या मागल्या टोकाने ओरखडी. ‘ज्यू वधू’मधील पुरुषाच्या बाहीवरचा रंग जवळून पाहिला तर अक्षरशः खडबडीत ढिगारा आहे, चार पावले मागे गेल्यावर तो सोनेरी कापड होतो. ॲम्स्टरडॅमच्या नव्या नगरभवनासाठी काढलेले ‘क्लॉडियस सिव्हिलिसचा कट’ हे त्याचे सर्वांत भव्य चित्र मात्र काही महिन्यांतच परत आले. विकता यावे म्हणून ते कापावे लागले. उरलेला मधला तुकडा स्टॉकहोममध्ये आहे. १६६३ मध्ये हेंड्रिक्ये, १६६८ मध्ये तीतुस गेला. पुढच्या वर्षी रेम्ब्रँट. वेस्टरकेर्क या चर्चमध्ये त्याला भाड्याच्या कबरीत पुरले. तिची जागा आज सांगता येत नाही.

हयातीत युरोपभर त्याचे नाव पसरले ते तैलचित्रांपेक्षा अम्लरेखनांमुळे, म्हणजे तांब्याच्या पट्टीवर आम्लाने रेघा कोरून छापलेल्या चित्रांमुळे. त्याने सुमारे तीनशे तांब्याच्या पट्ट्या केल्या. आम्लाने कोरलेल्या रेघांवर तो सुईने थेट खरवडून काम करी. त्यातून उठलेली तांब्याची कीस शाई धरून ठेवते आणि छपाईत मखमली काळेपणा येतो. ही कीस लवकर झिजते, त्यामुळे पहिल्या काही प्रती आणि नंतरच्या प्रती यांत मोठा फरक पडतो. ‘तीन क्रूस’ (१६५३) या पट्टीत तर त्याने पुढे अर्धी माणसे पुसून दृश्य अंधारात बुडवले. ‘शंभर गिल्डरचे चित्र’ हे आजाऱ्यांना बरे करणाऱ्या येशूच्या अम्लरेखनाचे टोपणनाव त्याच्या प्रतीला मिळालेल्या किमतीवरून पडले.

भारतीय वाचकाने मुद्दाम पाहावीत ती सुमारे १६५६ ते १६६१ या काळातली रेखाटने. जहांगीर, शाहजहान, दारा शुकोह, झाडाखाली बसलेले चार मौलवी अशा मोगल लघुचित्रांच्या या नकला त्याने बारीक रेषेत, महागड्या आशियाई कागदावर केल्या. त्यांतल्या तेवीस उरल्या आहेत. १७४७ मध्ये लंडनला झालेल्या एका लिलावात पंचवीस रेखाटनांची वही नोंदली गेली होती. मूळ चित्रे डच ईस्ट इंडिया कंपनीच्या व्यापारातून आली असावीत. कंपनीची वखार सुरतेला होती, आपल्या वेंगुर्ल्यालाही होती. शाहजहान १६५८ पासून आग्र्याच्या किल्ल्यात कैदेत होता आणि इकडे दिवाळे निघालेला चित्रकार त्याच्या दरबारी पोशाखाची घडी न् घडी टिपत होता. मौलवींची बैठक त्याने लगेच वापरलीही: ‘देवदूतांचा पाहुणचार करणारा अब्राहम’ (१६५६) या अम्लरेखनात तीच मांडणी बायबलच्या कथेत उतरली आहे. व्हिएन्नाच्या शोनब्रुन राजवाड्यातील एका दालनाच्या भिंतींवर कापून जडवलेल्या मोगल चित्रांत या नकलांशी जुळणाऱ्या आकृती आहेत.

त्याची आत्मचित्रे ऐंशीच्या आसपास आहेत. सुरुवातीला आरशासमोर तोंडे वेडीवाकडी करून हावभावांचा सराव, मग मखमल आणि सोनसाखळीतला यशस्वी गृहस्थ, शेवटी सुजलेल्या पापण्यांचा म्हातारा. यांना चित्रमय आत्मचरित्र म्हणण्याचा मोह होतो, पण ओळखीच्या चेहऱ्याला गिऱ्हाईकही होते, हे विसरू नये.

शिष्य भरपूर आणि गुरूची हुबेहूब शैली शिकवण्याची पद्धत, यामुळे कोणते चित्र नेमके कुणाचे हा घोळ त्याच्या कार्यशाळेतच सुरू झाला. १९३५ मध्ये आब्राहम ब्रेडियस यांच्या सूचीत सहाशेहून अधिक चित्रे त्याच्या नावावर होती. १९६८ मध्ये सुरू झालेल्या रेम्ब्रँट संशोधन प्रकल्पाने चित्रफळ्यांच्या लाकडातली वाढीची वर्तुळे, कॅनव्हासचे धागे आणि क्ष-किरण यांच्या आधारे ती निम्म्याच्या आसपास आणली. पुढे याच प्रकल्पातले एर्न्स्ट व्हान दे व्हेटरिंग यांनी वगळलेल्यांपैकी काही पुन्हा रेम्ब्रँटच्या नावावर केली. छाटणीत गेलेल्यांत ‘सोनेरी शिरस्त्राणवाला माणूस’ हे बर्लिनचे अतिशय लाडके चित्रही होते. १९८० च्या दशकात ते रेम्ब्रँटचे नसून त्याच्या भोवतीच्या चित्रकारांपैकी कुणाचे तरी असल्याचे जाहीर झाले. संग्रहालयाने ते भिंतीवरून काढलेले नाही.